देवी गेल्या, मोतीफोड राहिले

त्वचेवर उठणाऱ्या बारीकसारीक गोष्टींना नावे देताना माणसाने बहुतेक वेळा धान्याच्या कणगीत हात घातलेला दिसतो. अंगावरच्या काळ्या ठिपक्याला आपण तीळ म्हणतो. देवीच्या रोगाला आयुर्वेदाच्या ग्रंथांनी ‘मसूरिका’ म्हटले, कारण त्याचे फोड मसुराच्या दाण्यासारखे दिसत. तान्ह्या मुलाच्या नाकावर आणि गालांवर जे पांढरे कण दिसतात त्यांना वैद्यकात ‘मिलिया’ म्हणतात. ‘मिलियम’ हे लॅटिन भाषेत वरीसारख्या बारीक धान्याचे नाव आहे. उन्हाळ्यातल्या घामोळ्यांचे ‘मिलिएरिया’ हे वैद्यकीय नावही त्याच शब्दावरून आले आहे. रायगड जिल्ह्यातल्या तळा तालुक्यात डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत आजही नाचणी आणि वरी पिकते. त्यामुळे ही उपमा तिथल्या मुलांना समजावून सांगावी लागणार नाही.

पण दाण्याचे नाव आपल्याला फक्त आकार सांगते, आत काय आहे ते सांगत नाही. बाहेरून सारखे दिसणारे दोन फोड आतून अगदी वेगळे असू शकतात. एक आपोआप जाणारा, तर दुसरा जीव घेणारा. फोडाच्या बाहेरच्या रूपावरून नाव देणे आणि फोडाच्या आत काय आहे ते शोधून काढणे या दोन पायऱ्यांमध्ये फार मोठा काळ गेला. त्या काळाचा हा थोडक्यात इतिहास आहे. त्यात दोन फोड मुख्य आहेत. एक देवीचा. दुसरा लहान मुलांच्या अंगावर उठणारा, मोत्यासारखा चकचकीत आणि मध्ये खळगा असलेला पांढरट फोड. वैद्यकात त्याला ‘मोलस्कम कन्टॅजिओसम’ असे लांबलचक नाव आहे. या लेखापुरते आपण त्याला मोतीफोड म्हणू. हे दोन्ही रोग एकाच कुळातल्या विषाणूंमुळे होतात. त्यांपैकी पहिला पृथ्वीवरून नाहीसा झाला, दुसरा मात्र आजही पहिली-दुसरीच्या वर्गात आढळतो. असे का झाले असावे?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. तळा, माणगाव, म्हसळा या भागांतल्या शिक्षकांशी बोलताना आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला गेला आहे. मुलाच्या मानेवर किंवा काखेत असे पांढरे दाणे दिसले, की त्याला वर्गात बसू द्यायचे की घरी पाठवायचे? उत्तर देण्यासाठी आधी फोड ओळखावा लागतो.

तीन वेगळे पांढरे दाणे

मुलांच्या त्वचेवर नेहमी दिसणारे पांढरे, न दुखणारे दाणे मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार मिलिया. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचा असतो. या पेशी सतत झडत असतात. कधी कधी त्यांतले थोडे केराटिन त्वचेच्या वरच्या थराखाली एका बारीक पिशवीत अडकून पडते. तोच हा पांढरा कण. आकार १ ते २ मिलिमीटर. नवजात बालकांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते असतात आणि काही आठवड्यांत आपोआप जातात. त्यात जंतू नसतो, पू नसतो आणि ते दुसऱ्याला होत नाहीत.

दुसरा प्रकार दंडाच्या मागच्या बाजूला आणि मांड्यांवर दिसतो. तिथली त्वचा किसणीसारखी खरखरीत लागते. येथेही केराटिनच असते, पण ते केसाच्या मुळाशी बूच बसावे तसे साठलेले असते. एकाच घरातल्या अनेकांना हा त्रास असतो, कारण तो आनुवंशिक असतो. तोही संसर्गजन्य नाही.

तिसरा प्रकार मोतीफोडांचा. आकार साधारण २ ते ५ मिलिमीटर, म्हणजे वरीच्या दाण्यापासून मसुराच्या दाण्यापर्यंत. घुमटासारखा गोल, गुळगुळीत, आणि नीट पाहिले तर मधोमध एक बारीक खळगा. दाबला गेला तर आतून दह्याच्या कणीसारखा पांढरा गाभा बाहेर येतो. ताप येत नाही, मूल खेळते-खाते. हा मात्र विषाणूमुळे होतो आणि स्पर्शाने पसरतो.

आणखी एक भेद शिक्षकांनी लक्षात ठेवावा. वरचे तिन्ही प्रकार उंचवट्याचे आहेत. त्वचेवर सपाट फिकट चट्टा असेल आणि त्या जागी स्पर्श किंवा टोचणी कळत नसेल, तर गोष्ट वेगळी आहे. तेथे कुष्ठरोगाची शंका घेऊन मुलाला आरोग्यकेंद्रात दाखवायलाच हवे. त्या रोगावर खात्रीचा उपचार उपलब्ध आहे.

सुश्रुतसंहितेतील यादी

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘क्षुद्ररोग’ नावाचा एक अध्याय आहे. क्षुद्र म्हणजे किरकोळ. त्यात ४४ रोगांची यादी आहे आणि त्यांतले बरेचसे त्वचेचे आहेत. यादीत पहिलेच नाव ‘अजगल्लिका’ असे आहे. वर्णन असे, की हा लहान मुलांना होणारा फोड असून तो गुळगुळीत, त्वचेच्याच रंगाचा, गाठीसारखा, न दुखणारा आणि मुगाच्या दाण्याएवढा असतो. आजच्या डॉक्टरने मोतीफोडाचे वर्णन करायचे ठरवले, तर तो जवळजवळ हेच शब्द वापरील.

म्हणून अजगल्लिका म्हणजेच मोतीफोड असे म्हणता येईल का? मोह होतो, पण येथे थांबायला हवे. मधल्या खळग्याचा उल्लेख त्या वर्णनात नाही आणि मुगाएवढ्या न दुखणाऱ्या गाठी इतर कारणांनीही येतात. केवळ बाहेरच्या वर्णनावरून दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोगाचे निदान करणे हे विज्ञानाच्या रीतीला धरून होणार नाही. एवढे मात्र नक्की, की मुलांच्या अंगावरच्या न दुखणाऱ्या, निरुपद्रवी फोडांचे बारकाईने निरीक्षण करून त्यांना दुखऱ्या फोडांपासून वेगळे काढण्याचे काम त्या वैद्यांनी केले होते.

याच यादीत मसूरिकाही आहे, आणि तीही किरकोळ रोगांत! दाह, ताप आणि वेदना असलेले, अंगावर आणि तोंडावर उठणारे तांबूस-पिवळे फोड असे तिचे वर्णन आहे. पुढे सातव्या-आठव्या शतकातल्या माधवनिदान या ग्रंथात मात्र मसूरिकेला स्वतंत्र प्रकरण मिळाले. किरकोळ रोगांच्या यादीतून स्वतंत्र प्रकरणापर्यंतचा हा प्रवास पाहून काही इतिहासकारांनी असा तर्क केला आहे, की मधल्या काळात देवीचा रोग अधिक उग्र किंवा अधिक पसरलेला झाला असावा.

लोकव्यवहारात तर त्याला देवतेचेच रूप मिळाले. मराठीत रोगाचे नावच ‘देवी’ झाले, आणि तेही आदरार्थी बहुवचनात. देवी येतात, देवी निघतात. रायगड जिल्ह्यातल्या चौलचे आणि मुंबईतल्या माहीमचे शीतळादेवीचे देऊळ या श्रद्धेची साक्ष देत उभे आहे. ज्या रोगात दर दहा रुग्णांपैकी सुमारे तीन दगावत, उरलेल्यांच्या तोंडावर वण राहत आणि काहींचे डोळे जात, त्याच्यापुढे हात जोडण्यापलीकडे माणसाच्या हाती फारसे काही नव्हते.

१८०२ : फोडातले पाणी मुंबईत येते

हाती काही आले ते एका फोडातूनच. गाईच्या आचळांवर येणाऱ्या देवीसारख्या रोगाचे फोड गवळणींच्या हातांवर उठत, आणि अशा गवळणींना देवी येत नाहीत असा इंग्लंडच्या खेड्यांत समज होता. एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी एका गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या एका मुलाला टोचला. पुढे त्याच मुलाला देवीच्या फोडातला द्रव टोचला, तरी त्याला देवी आल्या नाहीत.

ही लस भारतात आणणे सोपे नव्हते. तेव्हा बर्फाची पेटी नव्हती. फोडातले पाणी उष्णतेने आठवड्याभरात निकामी होई आणि युरोपातून जहाजाने यायला महिने लागत. व्हिएन्नाचे डॉक्टर जाँ द कारो यांनी खुष्कीच्या मार्गाने लस पूर्वेकडे पाठवण्याची खटपट केली. ती बगदादला पोचली, तिथून बसऱ्याला गेली आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबईला आली. वाटेत ती जिवंत ठेवण्याचा मार्ग म्हणजे एका मुलाच्या दंडावर फोड उठला, की त्यातले पाणी दुसऱ्याच्या दंडावर टोचायचे. साखळीतला एक दुवा निसटला की सारे फुकट.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस लागली. भारतातली ही पहिली यशस्वी लसटोचणी होय. कंपनी सरकारचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी तिचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. अ‍ॅनाच्या दंडावरच्या फोडातून आणखी पाच मुलांना लस टोचण्यात आली. त्या एका फोडापासून सुरू झालेली साखळी पुढे पुणे, सुरत, मद्रास, श्रीलंका अशी पसरत गेली.

दंडावरून दंडावर लस नेण्याच्या या पद्धतीत दोष होते. ज्या मुलाच्या फोडातले पाणी काढायचे त्याला वेदना होत, त्याचे आईबाप नाराज असत, आणि त्या पाण्याबरोबर दुसरे रोगही जाण्याची भीती असे. म्हणून पुढे वासरांच्या त्वचेवर लस तयार करू लागले. कायदेही झाले. मुंबई शहरासाठी १८७७ साली आणि इलाख्यातल्या जिल्ह्यांसाठी १८९२ साली लसटोचणीचा कायदा झाला. तळे गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यात होते (कुलाब्याचे नाव १९८१ साली रायगड झाले). अशा डोंगराळ मुलुखात लस टोचणारा माणूस पायी हिंडे. लोक या कामाला ‘देवी काढणे’ म्हणू लागले. रोगाचे आणि त्याच्या प्रतिबंधाचे नाव एकच झाले!

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात येण्याजोगी आहे. जेन्नर काय किंवा स्कॉट काय, फोडातल्या पाण्यात नेमके काय आहे हे यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. उपाय आधी सापडला, कारण नंतर.

१८४१ : गाभ्यात काय आहे?

कारणाच्या शोधात धाकट्या, निरुपद्रवी फोडाने थोरल्याच्या आधी नंबर लावला.

लंडनचे डॉक्टर थॉमस बेटमन यांनी १८१७ साली मोतीफोडांचे वर्णन करून हा रोग संसर्गजन्य असल्याचे सांगितले होते. पण दर्शनी वर्णनाच्या पुढची पायरी १८४१ साली स्कॉटलंडमध्ये चढली गेली. विल्यम हेंडरसन आणि रॉबर्ट पॅटर्सन या दोन डॉक्टरांनी मोतीफोडाचा पांढरा गाभा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यांना अंड्याच्या आकाराचे, चमकदार, फुगलेले गोळे दिसले. दोघांनी आपापले लेख त्याच वर्षी प्रसिद्ध केले. आजही या गोळ्यांना हेंडरसन-पॅटर्सन पिंड म्हणतात. प्राण्यांची शरीरे पेशींची बनलेली असतात हे श्वान यांनी नुकतेच, १८३९ साली मांडले होते हे ध्यानात घेतले, म्हणजे या निरीक्षणाचे मोल कळते.

हे गोळे म्हणजे काय यावर पुढे अनेक दशके वाद चालला. कोणी म्हणे ते परजीवी प्राणी आहेत, तर कोणी म्हणे बिघडलेल्या पेशी. खरे उत्तर दोन्हींच्या मधले निघाले. ते गोळे म्हणजे त्वचेच्या पेशीच होत, पण त्यांच्या आत विषाणूंची प्रचंड गर्दी झालेली असते आणि पेशीचे केंद्रक एका बाजूला ढकलले गेलेले असते. असा गोळा सुमारे ३५ मायक्रोमीटरचा असतो. त्यातला एक विषाणू साधारण ०.३ मायक्रोमीटर लांबीचा, म्हणजे गोळ्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा. तेव्हाच्या भिंगांना पोते दिसत होते, आतले दाणे दिसत नव्हते.

देवीच्या फोडातल्या पेशींमध्येही असे पिंड असतात हे इटलीच्या ग्वार्निएरी यांनी १८९२ साली दाखवले. म्हणजे मोतीफोडानंतर अर्ध्या शतकाने.

पुढची पायरी गाळणीची. चिनी मातीच्या अतिशय बारीक गाळणीतून बॅक्टेरिया पलीकडे जात नाहीत. पण तंबाखूच्या पानांवरच्या एका रोगाचा कारक गाळणीतून पलीकडे जातो असे १८९० च्या दशकात दिसून आले होते. १९०५ साली जर्मनीत युलिउसबर्ग यांनी मोतीफोडांचा गाभा कुटून त्याचा अर्क अशा गाळणीतून काढला आणि तो माणसाच्या त्वचेवर टोचला. काही आठवड्यांनी मोतीफोड उठले. रोगाचे मूळ बॅक्टेरियाहून सूक्ष्म आहे हे त्यातून सिद्ध झाले. (निरोगी माणसांवर असे प्रयोग करायला आज कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.)

दोन्ही फोडांचे नाते पक्के झाले ते १९९६ साली. अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या संशोधकांनी मोतीफोडाच्या विषाणूचा संपूर्ण जनुकीय मजकूर वाचला. तो सुमारे १ लाख ९० हजार अक्षरांचा निघाला, जवळजवळ देवीच्या विषाणूइतकाच. त्यातल्या शंभराहून अधिक जनुकांना देवीच्या विषाणूत जोडीदार सापडले. ज्या जनुकांत दोघे वेगळे पडतात, तिथेच त्यांच्या स्वभावातला फरक दडलेला आहे.

देवी गेल्या

स्वतंत्र भारतात १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. आरंभी भर होता सरसकट लसटोचणीवर. पण कोट्यवधी लोकांना टोचूनही रोग हटेना. मग १९७३ पासून धोरण बदलले. घरोघर जाऊन रुग्ण शोधायचा आणि त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना लस टोचून रोगाला कडे घालायचे. कार्यकर्त्यांच्या हातात देवीच्या रुग्णाचे छायाचित्र असलेले एक कार्ड असे. गावात, बाजारात, शाळेत ते दाखवून विचारायचे, ‘असे फोड आलेले कोणी पाहिले आहे का?’ रुग्णाची खबर देणाऱ्याला बक्षीस होते. शेवटी ते १,००० रुपयांपर्यंत वाढवण्यात आले.

येथेही कळीचे काम फोड ओळखण्याचेच होते. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट असत, तळहात-तळपायांवरही येत आणि एका भागातले सगळे फोड एकाच अवस्थेत असत. कांजिण्यांचे फोड पोटा-पाठीवर जास्त असतात आणि त्यांत काही नवे, काही पाण्याने भरलेले, काही खपली धरलेले असे मिश्रण असते. हा फरक साध्या कार्यकर्त्यांना शिकवता आला म्हणून मोहीम पुढे सरकली.

१९७४ साली भारतात सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले आणि ३१ हजारांवर माणसे मरण पावली. त्यानंतरच्या एका वर्षात सारे चित्र पालटले. देशातला शेवटचा रुग्ण २४ मे १९७५ रोजी आसामातल्या करीमगंजला सापडला. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचे प्रमाणित केले, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने साऱ्या जगासाठी तशी घोषणा केली.

मोतीफोड का राहिले?

देवीचे निर्मूलन का जमले याची कारणे पाठ्यपुस्तकांत असतात. तिचा विषाणू माणसाखेरीज दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात राहत नाही. रोग लपून राहत नाही, फोड उघड दिसतात. एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही. आणि स्वस्त, टिकाऊ लस उपलब्ध होती.

आता ही यादी मोतीफोडांना लावून पाहा. त्यांचाही विषाणू फक्त माणसातच राहतो. तेही उघड दिसतात. पहिल्या दोन कसोट्यांना दोघेही सारखेच उतरतात. अडते ते पुढच्या दोन ठिकाणी.

देवीचा विषाणू रक्तात शिरून सगळ्या शरीरात पसरे. त्यामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा सर्व बळ एकवटून उठे. त्या झुंजीत रुग्ण मरे तरी किंवा बरा होऊन बहुतेक जन्मभर सुरक्षित राही. मोतीफोडाचा विषाणू त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातच राहतो, रक्तात उतरत नाही. त्याच्या काही जनुकांचे काम प्रतिकारयंत्रणेच्या निरोपांत अडथळा आणणे हे आहे, तर काहींचे काम संसर्ग झालेल्या पेशीला लवकर मरू न देणे हे आहे. शरीराला त्याचा पत्ताच उशिरा लागतो. म्हणून फोड सहा महिने ते दीड वर्ष, कधी त्याहून जास्त काळ टिकतात आणि गेल्यानंतरही पुन्हा होऊ शकतात. देवीची लस मोतीफोडांना अडवू शकली नाही. एका कुळातले असले तरी दोघांची शाखा वेगळी आहे.

शिवाय हा विषाणू प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या नेहमीच्या पद्धतींनी वाढत नाही. त्यामुळे लस तयार करणे कठीण. आणि जो रोग मुलाला आजारी पाडत नाही, त्याच्यासाठी जगभर मोहीम कोण काढणार?

अशा रीतीने भयंकर होता तो गेला आणि निरुपद्रवी होता तो टिकला. फक्त माणसातच राहणाऱ्या या कुळातल्या दोन विषाणूंपैकी समाजात वावरणारा आता हा एकच उरला आहे. (२०२२ आणि २०२४ साली जागतिक आणीबाणी जाहीर झालेला एमपॉक्स याच कुळातला असला, तरी त्याचा विषाणू मुळात प्राण्यांतला आहे. त्यात ताप येतो, फोड दुखतात आणि गाठी सुजतात.)

उपचार : जुने आणि नवे

मोतीफोडांवरचा सर्वांत जुना उपचार म्हणजे गाभा काढून टाकणे. डॉक्टर आजही जागा बधिर करून बारीक चमच्यासारख्या हत्याराने ते करतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे सौम्य द्रावण लावणे आणि द्रवरूप नायट्रोजनने फोड गोठवणे हेही उपाय आहेत. कॅन्थॅरिडिन हे रसायन विशिष्ट भुंगेऱ्यांपासून मिळते. बाजरीच्या कणसांवर येणारे हिंगे याच गटातले. हे रसायन कातडीवर फोड आणते आणि त्याबरोबर मोतीफोड सुटून येतो. अनेक दशके वापरात असलेल्या या औषधाच्या प्रमाणित रूपाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२३ मध्ये मान्यता दिली. जानेवारी २०२४ मध्ये घरी लावता येईल अशा एका मलमालाही मान्यता मिळाली. बर्डाझिमर हे त्यातले औषध त्वचेवर नायट्रिक ऑक्साइड सोडते. तरीही बऱ्याच मुलांच्या बाबतीत डॉक्टर काहीच न करता वाट पाहण्याचा सल्ला देतात, आणि तो योग्यच असतो.

मिलियांना बाळांच्या बाबतीत काहीच करायचे नसते. मोठ्या माणसाला नको असतील तर डॉक्टर निर्जंतुक सुईने कण काढतात. खरखरीत दंडांना साध्या मलमाचा ओलावा पुरतो.

खरी काळजी घरगुती उपायांची आहे. चामखिळीवर लावतात तसा चुना, बिब्बा किंवा शेराचा चीक मुलांच्या फोडांवर लावला जातो. बिब्ब्याने त्वचा भाजून मोठे फोड येतात, आणि शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. जो फोड वण न ठेवता जाणार होता, त्याच्या जागी कायमचा डाग राहतो. रोगापेक्षा उपचाराने केलेले नुकसान मोठे ठरते. हिंगे पकडून तसला प्रयोग तर कधीच करू नये. ते पोटात गेले तर जीवघेणे विष आहे.

वर्गात काय करावे?

मोतीफोड असलेल्या मुलाला शाळेतून घरी पाठवण्याचे कारण नाही. संसर्ग होतो तो फोडाला त्वचा घासल्याने, एकच पंचा वापरल्याने, आणि खाजवलेल्या बोटांनी. कोकणातल्या पावसाळ्यात पंचे वाळत नाहीत आणि घरात एकच पंचा चौघे वापरतात, तिथे लक्ष द्यावे. फोड कपड्याने किंवा पट्टीने झाकावेत, नखे कापावीत, फोड फोडू नयेत. फोड डोळ्याच्या पापणीवर असतील, लाल होऊन दुखत असतील, फार मोठे किंवा फार संख्येने असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. फोडांबरोबर ताप असेल तर तो मोतीफोड नव्हे असे धरून चालावे आणि मुलाला लगेच आरोग्यकेंद्रात न्यावे.

मुलांना पुढील दोन गोष्टी करायला सांगता येतील.

१. वरी, मूग आणि मसूर यांचे दहा-दहा दाणे एका रांगेत लावा, रांगेची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा आणि एका दाण्याची सरासरी काढा. ‘मुगाएवढा फोड’ या जुन्या मापाचे आजच्या मापात रूपांतर होईल.

२. आजी-आजोबांच्या दंडावरचा किंवा मनगटाच्या वरचा देवी काढल्याचा वण पाहा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही लस थांबली. त्यानंतर जन्मलेल्यांच्या डाव्या दंडावर असतो तो क्षयरोगाच्या लशीचा वण. कोणत्या वर्षाच्या आसपास देवीचे वण दिसेनासे होतात याचा गावापुरता तक्ता करा.

त्या तक्त्यात एका रोगाचा शेवट मुलांना स्वतः पाहायला मिळेल. देवीच्या काळात फोड दिसताच रुग्णाला वेगळे ठेवणे हे शहाणपणाचे होते, त्याने जीव वाचले. तीच भीती आज मोतीफोडांच्या मुलावर लादली, तर त्याची शाळा बुडते, मैत्रिणी-मित्र दूर होतात, आणि रोग मात्र आपल्या वेळेनेच जातो. फोड पाहून घाबरण्याआधी तो कोणता आहे हे नीट पाहायचे, एवढे या दोन फोडांच्या इतिहासातून वर्गापर्यंत पोचले तरी पुष्कळ झाले.